मात्सोपोचा पत्ता

ह्यूस्टन, शनिवार दुपार

तीर्थरूप आकू,

ह्वीजूचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. पाठ धरली आहे, कारण पुढे येईल.) आईकडून कळलं की तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे तुमचा, उजवा गुडघा आता जिना चढताना आवाज करतो, आणि तरीही तो भाऊ रोज सकाळी माशाची पेज प्यायला बंदरापर्यंत जातो, तेही स्कूटरवरून. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. स्कूटर चालवणं त्यात धरलं जात नाही, असं आकीमच्या वतीने मीच सांगून टाकते, म्हणजे तिला नवऱ्याशी वेगळं भांडायला नको. तिचा रक्तदाब कसा आहे? हे पत्र शाळेतल्या चिनीत लिहिते आहे, त्याबद्दल क्षमा करा. आपली तैवानी मला लिहिता येत नाही, आणि फोनवर बोलले असते तर सात वर्षांच्या मुलीने तक्रार करायला फोन केला आहे असं वाटलं असतं, कारण माझी तैवानी विमानात बसले त्या वयाला थांबली आहे. पत्राचा फोटो आकीमच्या फोनवर येईल. तुम्ही पडद्यावर वाचत नाही हे ठाऊक आहे, तेव्हा ती कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणेल.

मी ठीक आहे. नोकरी तीच: तेलाच्या आणि वायूच्या पाइपांवर बसवायची मापकं तपासते, आणि माझ्या सहीशिवाय ती बसवली जात नाहीत. तिथे अर्ध्या टक्क्याची चूक झाली तर वकील येतात. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढचं वाचून माझ्या अचूकपणाबद्दल तुमचं मत बदलण्याची शक्यता आहे.

इथे शहराच्या नैऋत्येला आपल्या लोकांचं एक मात्सोपो मंडळ आहे. एकतीस सभासद, सरासरी वय एकाहत्तर (मला वगळलं तर बाहत्तर पूर्णांक चार). त्यांच्याकडे समुद्राच्या देवीची नऊ इंचांची मूर्ती आहे. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती स्वेटरमध्ये गुंडाळून, हातातल्या बॅगेतून आणली. मंडळाला देऊळ नाही, म्हणून नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी भाड्याच्या सभागृहात सगळे जमतात आणि धुपाटण्याचा यजमान निवडतात; वर्षभर देवी त्याच्या घरी. निवडीची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी नोंदीची सवय म्हणून लिहिते. एकेकाने पुढे व्हायचं, देवीला आपलं नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा, म्हणजे नेमका कोण विचारतो आहे हे तिला कळतं, आणि मग लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर पडली तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार, दोन्ही सपाट तर देवी हसली. सलग होकार ज्याला सर्वांत जास्त, देवी त्याच्याकडे. मंडळाचा कडक नियम एकच आहे: देवीसमोर तैवानीच बोलायची. इंग्रजी नाही, शाळेतली चिनी नाही. अध्यक्ष सो आपे (वय शहात्तर, एका रिफायनरीत बॉयलर तपासत होते) म्हणतात की मात्सोपोला बाकीच्या भाषा येत असतील, पण ती आपल्याशी त्या बोललेली नाही.

मी फक्त आईला गाडीने सोडायला गेले होते. यादीत चाळिशीच्या आतला एक रकाना अकरा वर्षं रिकामा होता, तो आईने मला न विचारता भरला. (तिचं म्हणणं, विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. हे बरोबर आहे.) नाव पुकारलं तेव्हा वाद घालणं म्हणजे तीस म्हाताऱ्यांचं जेवण थंड करणं, म्हणून पुढे गेले. नाव सांगितलं. जन्मतारीख सांगितली. मग पत्ता. इथल्या माझ्या रस्त्याचं नाव तैवानीत कसं म्हणायचं, 'अपार्टमेंट'ला काय म्हणायचं, मला ठाऊक नव्हतं. मागे सगळे शांत उभे. आणि माझ्या तोंडून, एका श्वासात, न अडखळता बाहेर पडलं: तायनान शहर, समुद्रवाट, गल्ली अठरा, पोटगल्ली सात, घर क्रमांक तीन, स्कूटरच्या दुकानाच्या वर. तुमच्या घराचा हा पत्ता मी सहा वर्षांची असताना मिरवणुकीच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतला होता, हरवलीस तर पोलिसाला सांग म्हणून. बावीस वर्षांत उपयोगी पडला नव्हता. जे घडलं त्यात तुमचा वाटा मी चाळीस टक्के धरते.

कुणालाही खटकलं नाही. उलट सो आपे सगळ्यांना म्हणाले, "ऐका, ऐका, कसं घडाघडा बोलते पोरगी!" मी चंद्रकोरी टाकल्या. होकार. पुन्हा होकार. सलग नऊ. याची शक्यता पाचशे बारात एक आहे. एकतिसांपैकी कुणाला तरी असं होण्याची शक्यता साधारण सहा टक्के, म्हणजे दुर्मीळ, पण चमत्कार नव्हे, हे मी तिथेच समजावून सांगू लागले. सांगितलं इंग्रजीत, त्यामुळे नियमभंग झाला आणि मला देवीची माफी मागावी लागली. दुसरा क्रमांक चार होकारांचा होता.

देवीला घरी नेण्याबद्दल थोडक्यात. मूर्ती मागच्या सीटवर, पट्टा लावून. धुपाटणं माझ्या शेजारी. त्याचं वजन अकरा किलो चारशे ग्रॅम, आणि लिफ्ट बंद असलेल्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर नेल्याने पाठ धरली आहे. आईचा आग्रह असा की वाटेत प्रत्येक पूल आला की देवीला सांगायचं. ती रीत मेलेल्या माणसाला घरी आणतानाची आहे, देवाला लागू नाही, असं सो आपे त्यांच्या गाडीच्या खिडकीतून ओरडत होते. आई म्हणाली, "त्यांचं जाऊ दे. परक्या गावात तिला तरी रस्ता कुठे माहीत आहे? सांगितलं तर बिघडतं काय?" ह्यूस्टनमध्ये एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जायला नेहमीच एखादा पूल लागतो. मी चौदा वेळा "मात्सोपो, पूल आला" म्हटलं. पंधरावा चुकला, कारण त्यावर मी लेन बदलत होते; आई अजून तो काढते.

घर एका खोलीचं आहे हे तुम्ही फोटोत पाहिलं आहे. देवी त्या खोलीत. नियम खोलीलाही लागू. म्हणजे घरात इंग्रजी बोलायची तर जागा एकच उरते, बाथरूम. कामाचे सगळे फोन सात आठवडे मी तिथून घेते आहे. वरिष्ठांनी दोनदा विचारलं की माझा आवाज टाकीच्या आतून का येतो. (आमच्या धंद्यात हा प्रश्न काळजीने विचारतात.) मग धूप. पहिल्याच शनिवारी, सकाळी अकराला, छताचा धुराचा भोंगा वाजला आणि अग्निशामक दलाची दोन माणसं आली. तेव्हा दर्शनाला चार आज्या आल्या होत्या. त्यांनी त्या दोघांना बसवलं, तांबड्या कासवाच्या आकाराच्या तांदळाच्या पिठाच्या वड्या खायला घातल्या आणि एकाच्या बुटांना चिखल लागला होता त्याबद्दल रागावल्या, सगळं तैवानीत. ते दोघे "यस मॅम" म्हणत गेले. त्यातला एक मंगळवारी सुट्टीच्या दिवशी परत आला आणि त्या वड्या कुठे मिळतात विचारून गेला. घरमालकांचं पत्र मात्र आलं आहे. आता धूप बाल्कनीत लावतो आणि देवीचं तोंड बाल्कनीकडे केलं आहे.

रोज सकाळी निघताना यजमानाने देवीला सांगून जायचं असतं. माझ्याकडे सात वर्षांच्या मुलीचे शब्द आहेत, त्यामुळे मी म्हणते, "मात्सोपो, मी जाऊन येते. मी सगळा भात खाल्ला. मी भांडणार नाही." शेवटचं वाक्य वार्षिक मूल्यमापनाच्या दिवशी मुद्दाम दोनदा म्हटलं.

आता खिम आपोबद्दल. वय चौऱ्याऐंशी, उंची देवीपेक्षा बरीच जास्त पण माझ्या खांद्याखाली. ती दर मंगळवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी येते, दोन बस बदलून. देवीसमोर खुर्ची ओढते आणि आठवड्याचा अहवाल देते: कंबर, औषधं, शेजाऱ्याचं कुत्रं, सुनेने ओव्हनमध्ये केलेला मासा. मी ओट्यापाशी माझं काम करते. मधे मधे ती चंद्रकोरी टाकून देवीचं मत घेते आणि नकार आला की प्रश्न फिरवून पुन्हा विचारते. तिसऱ्या मंगळवारी ती देवीला आपल्या गेलेल्या नवऱ्याबद्दल सांगत होती. "मात्सोपो, त्या माणसाने जन्मात एकदाच माझं ऐकलं. कानाचं यंत्र लावून बघत होता, त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दुकानात परत करून आला."

मी हसले. आपो खुर्चीत वळली.

"तुला कळलं?"

"कळलं."

तिने तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी पुन्हा हसले (दुसऱ्या वेळी थोडं कमी, पण नोंदवण्याइतकं). मग ती म्हणाली, "माझी मुलं चांगली आहेत हं. डॉक्टरकडे नेतात, सगळं करतात. हीच गोष्ट मी थोरल्याला सांगितली. त्याने मला पाणी आणून दिलं."

त्यानंतर तिची खुर्ची थोडी तिरपी असते, एक पाय देवीकडे, एक ओट्याकडे. अहवाल कुणाला चालला आहे हे कधी कधी स्पष्ट नसतं. मी उत्तरं देते. चुकतात. ती चूक काढत नाही, फक्त पुढच्या वाक्यात तोच शब्द नीट करून वापरते, जसं काही मीच तसं म्हटलं होतं. माझी तैवानी आता साधारण नऊ वर्षांची झाली असावी, असा माझा अंदाज आहे. मोजायला साधन नाही.

हे सगळं सुरळीत चालू होतं, लू आचेक येईपर्यंत. ते मंडळाचे चिटणीस. अमेरिकेत येण्याआधी नऊ वर्षं च्याई शहरात कुटुंब-नोंदणी कचेरीत कारकून होते, आणि माझ्या मते ती नोकरी त्यांनी अजून सोडलेली नाही. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ते निवडीला नव्हते आणि या वर्षीची नोंद राहिली होती. गेल्या शनिवारी ते वही घेऊन आले. यजमानाचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, "पत्ता?" म्हणाले. मी इथला सांगितला. तेवढ्यात खिम आपो कौतुकाने म्हणाली, "इंग्रजी कशाला सांगतेस गं? त्या दिवशी देवीला किती गोड सांगितलास! गल्ली अठरा, पोटगल्ली सात. मला तर आमची जुनी गल्लीच आठवली."

लू आचेकांचं पेन थांबलं.

"कुठली गल्ली अठरा?"

"तायनानची," आपो म्हणाली. तिच्या आवाजात अजून कौतुकच होतं.

"ही मुलगी राहते कुठे?"

"इथे."

"मग मात्सोपोने होकार दिला तो कुणाच्या घराला?"

मी म्हटलं, चूक माझी आहे, आत्ता देवीला बरोबर पत्ता सांगते. लू आचेक म्हणाले, "पोरी, जुनी नोंद उभी असताना नवी करत नाहीत. मग एक माणूस दोन घरात दिसतो. असल्या भानगडी निस्तरण्यात माझी नऊ वर्षं गेली." त्यांचं म्हणणं मला पटलं हीच यातली वाईट गोष्ट. मापकाच्या प्रमाणपत्रावर मशिनचा क्रमांक चुकला तर बाकी सगळं बरोबर असून मीही सही करत नाही.

काल समितीची बैठक झाली, माझ्याच खोलीत, त्यामुळे तैवानीत. मला दोन तृतीयांश कळली. निवड रद्द. चार होकार मिळालेले गृहस्थ म्हणजे खुद्द सो आपे, आणि ते पुढच्या महिन्यात मुलीकडे डॅलसला राहायला जाताहेत. दुसरं कुणी तयार नाही, धुपाटणं उचलवत नाही. तेव्हा तिसऱ्या महिन्याच्या तेविसाला, देवीच्या वाढदिवशी, मूर्ती हायवेपाशी असलेल्या मोठ्या देवळाला द्यायची. ते लोक चांगले आहेत. डावीकडच्या तिसऱ्या वेदीवर जागा देणार आहेत. तिथे पूजा शाळेतल्या चिनीत होते, सूचना इंग्रजीत. लू आचेक म्हणाले की पार्किंग भरपूर आहे आणि सगळ्यांनी मान डोलावली, कारण पार्किंगला नाही कोण म्हणेल. सो आपे म्हणाले, "काळच तसा आहे." त्यानंतर ते बराच वेळ चष्मा पुसत होते. खिम आपोने एकच विचारलं, "तिथे बस जाते का?" बस जात नाही. तिने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली आणि देवीसमोरची संत्री उगाच सारखी करत बसली.

माझी काही हरकत नाही. खोलीत कोपऱ्यात उभा करून ठेवलेल्या सोफ्याला जागा होईल, फोन खोलीत घेता येतील, घरमालक शांत होतील, आणि शनिवारी सकाळी झोपता येईल. गोळाबेरीज केली तर मंडळाचा निर्णय माझ्या फायद्याचाच आहे. तुम्हाला कळवायचं इतकंच होतं, कारण तुमचा पत्ता माझ्यामुळे इथल्या वहीत आणि कदाचित त्याहून मोठ्या वहीत चढला आहे, आणि वापरण्याआधी मी विचारलं नव्हतं. आकीमला नमस्कार. तिला सांगा, वाळवलेले मासे पोहोचले, आई एकटीच खाते आहे.

तुमची,
ह्वीजू

ता. क. घाईत एक लिहायचं राहिलं. निघताना जिन्यात लू आचेक थांबले आणि म्हणाले (स्वतःशीच, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात), "अर्थात, जुन्या घराच्या कुटुंबप्रमुखाने तिथल्या देवीला जाऊन सांगितलं की मुलगी निघाली, आणि देवीने सलग तीनदा होकार दिला, तर इथे नोंद करायला मला अडचण नाही." मी विचारलं, व्हिडिओ चालेल का? ते म्हणाले, दोन्ही चंद्रकोरी दिसल्या पाहिजेत. तर आकू, तुम्हाला वेळ असेल तर बंदराजवळच्या देवळात जाल का? पेज प्यायला तिकडे जाताच. तेविसाच्या आत. आमची वेळ तुमच्या तेरा तास मागे आहे, तेव्हा बाविसाला तुमच्या संध्याकाळपर्यंत केलंत तरी इथे पोहोचेल, पण इतकं ताणू नका.

ता. क. २. सलग तीन होकार मिळायला सरासरी चौदा वेळा टाकावं लागतं. चौदा ही सरासरी आहे. चाळीसही लागू शकतात. गुडघ्याखाली घ्यायला उशी न्या. नकार आला तर प्रश्न फिरवून विचारा, ते नियमात बसतं, खिम आपो दर वेळी करते. मधले नकार व्हिडिओत नसले तरी लू आचेकांनी ते मागितलेले नाहीत. (कामावर कुणी असे आकडे निवडून दिले असते तर मी तक्रार केली असती. हे कामावरचं नाही.) सोफ्याचं मी वर लिहिलं ते विसरा. आज तो शेजाऱ्यांना देऊन टाकला. तिथे आता दुसरी खुर्ची ठेवली आहे.

ता. क. ३. आई सांगते की दर वर्षी देवीपुढे घरच्यांची नावं घेताना तुम्ही माझंही नाव घेता, अजून, त्याच पत्त्यावर. हे मला माहीत नव्हतं. तेव्हा कृपा करून असं सांगा: धुपाटणं निघालं, ते आता ह्यूस्टनला आहे. एवढंच. 'मुलगी निघाली' असं शब्दशः म्हणू नका. माझं नाव तिथे जसं घेता तसं घेत राहा. एक माणूस दोन घरात दिसेल आणि हे नियमाला धरून नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. लू आचेकांना कळता कामा नये.